शाळेंत मुलास भेटावयास कोण आलें आहे ?

आपल्या घरांतून सुंदरकांडाचीं पारायणें पुष्कळ होतात. परंतु त्यांतील एका गोष्टीकडे लक्ष जावें तसें जात नाहीं. हनुमान अशोकवनांत पोहोंचला, सीतामाई दृष्टीस पडली, रामाची अंगठी तर जवळच होती. तरी त्यानें ती एकदम पुढें केली नाहीं. झाडावर बसून तो विचार करूं लागला कीं, आपण बोलावें तरी कोणत्या वाणीनें ? द्विजासारखें संस्कृत बोललों, तर हा रावणच आहे असें समजून ती भ्यावयाची. म्हणून त्यानें साध्या माणसाच्या बोलींत, हळूं आवाजांत, रामकथेस आरंभ केला. एवढ्यानें सीतेनें विश्वास ठेविला असेंही नाहीं. भिक्षूचा वेष घेऊन आलेल्यानें तिला एकदां फसविलेंच होतें. तिनें रामाच्या अंगावरच्या खुणा विचारल्या, वानरांची व रामाची गांठ कशी पडली तें विचारलें. हें सर्व जुळलें आणि मग अंगठी बाहेर निघाली. म्हणजे वाल्मीकींच्या हिशेबीं नुसती अंगठी पुरत नाहीं, आणि नुसतें गोड बोलणेंही पुरत नाहीं. उलट पक्षीं कालिदासाची शकुंतला पाहावी. ती खरी, तिचा हक्क खरा. पण खुणेची अंगठी हरवली आणि दुष्यंताच्या दरबारांत ती परकी ठरली.

खोट्यास आंत घेणें व खऱ्यास बाहेर घालविणें हे ओळख पटविण्यांतले दोन प्रमाद फार जुने आहेत. ते आज शाळेच्या कचेरींत घडूं शकतात, आणि तेथें मध्यें सांपडतें तें आठ-नऊ वर्षांचें मूल. पस्तीस वर्षें शाळेच्या इमारतींत घालविलेल्या मनुष्यास ह्या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार असावा, असें समजून हें लिहीत आहें.

प्रथम येणारा मनुष्य कोणाकडून येतो तें पाहूं, कारण पुष्कळ सुशिक्षित घरांतही हें ठाऊक नसतें. मुलांच्या रक्षणाचा विचार आपल्याकडे अगदींच नवा नाहीं. मुंबई इलाख्यांत मुलांसंबंधीं कायदा १९२४ सालीं झाला, १९२७ सालीं मुंबईंत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, आणि १९३६ सालीं सर दोराबजी टाटांच्या नांवानें समाजकार्याचें रीतसर शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. तीच पुढें टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. आजचा सर्व व्यवहार मात्र दोन कायद्यांवर उभा आहे. एक २०१२ चा, ज्यास वृत्तपत्रें ‘पोक्सो’ म्हणतात. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचें संरक्षण हा त्याचा विषय. दुसरा २०१५ चा बालन्याय कायदा. ह्या दुसऱ्या कायद्यानें जिल्ह्यास बाल कल्याण समिती दिली. तींत अध्यक्ष धरून पांच जण असतात व त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. समिती एका जागीं बसून काम करते, आणि हिंडून चौकशी करतो तो जिल्हा बाल संरक्षण कक्ष. त्याचे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते. शिवाय प्रत्येक पोलीस ठाण्यांत एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमावयाचा असतो. मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी पंधरा दिवसांत पुरी करावी अशी मुदत कायद्यानेंच घातलेली असल्यामुळें हीं माणसें घाईंत असतात. आणि घाईंतला मनुष्य शाळेच्या दाराशीं पुष्कळदां उद्धट वाटतो, हेंही लक्षांत ठेवावें.

येथें एक पेंच आहे. २०१२ च्या कायद्याप्रमाणें मुलाचा जबाब घेतांना पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेष असूं नये, आणि शक्य असेल तेथवर तो जबाब उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाची नसलेल्या स्त्री-अधिकाऱ्यानें घ्यावा. हेतु उघड आहे. खाकी कपडे पाहिले कीं मूल मुकें होतें. पण गणवेष उतरला कीं ओळखही उतरली ! साध्या साडींत आलेली ती बाई पोलीस अधिकारी आहे, समितीची कार्यकर्ती आहे, कीं कोणाची दूरची मावशी आहे, हें फाटकावरच्या शिपायानें ओळखावें कसें ? मुलाच्या हिताची जी सोय, तीच द्वारपालाची अडचण. म्हणून गणवेषानें जें काम केलें असतें तें आतां ओळखपत्रानें, आणि ओळखपत्राहूनही अधिक विचारपूस करून, साधावें लागतें.

कोणी विचारील, हीं माणसें मुलाच्या घरीं कां जात नाहींत ? शाळेंतच कशाला ? घरीं जातातही, परंतु संशय घरांतल्याच कोणाविषयीं असला तर घरीं बसून मूल काय सांगणार? ज्या काकांच्या भीतीनें तें रात्रीं झोंपत नाहीं ते काकाच पाण्याचा तांब्या घेऊन समोर येऊन बसतील. आमच्या एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, खोल्या थोड्या, आणि वडिलधाऱ्यांपुढें बोलूं नये हें बाळकडू. ह्या शिस्तीचा मी अभिमानी आहें. मीही तशाच घरांत वाढलों. तथापि घरचीं लक्तरें वेशीवर टांगूं नयेत ह्या म्हणण्याच्या आड मुलाच्या अंगावरचे वळ लपवावयाचे नसतात, हेंही तितक्याच स्पष्टपणें बोललें पाहिजे. घराबाहेरची, रोजच्या परिचयाची, आणि संध्याकाळपर्यंत आईबापांची नजर जेथें नाहीं अशी मुलाची एकच जागा असते, ती शाळा.

मी नोकरींत असतांना घडलेली एक हकीकत सांगतों. तालुक्याच्या गांवीं आमच्या शाळेंत एकदां दहाच्या सुमारास एक गृहस्थ आले. कपडे स्वच्छ, हातांत कातडी पाकीट, गळ्यांत फितीला अडकविलेलें ओळखपत्र, त्यावर फोटो आणि शिक्का. ‘बालकल्याणाकडून आलों आहें, चौथींतल्या अमुक मुलास पांच मिनिटें भेटावयाचें आहे,’ असें त्यांनीं सांगितलें. आमचे कारकून जुन्या वळणाचे. ते म्हणाले, ‘बसा, चहा येतो आहे’. आणि पत्र्याच्या पेटींतून जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या क्रमांकांची यादी काढून त्यांनीं फोन लावला. पाहुण्यांनीं स्वतःच्या ओळखपत्रावरचा क्रमांक दाखविला होता, तो कारकुनांनीं फिरविला नाहीं. कचेरीनें सांगितलें कीं, ह्या नांवाचें माणूस आमच्याकडे नाहीं. फोन खालीं ठेवीपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती. मागाहून कळलें तें असें, कीं त्या मुलाच्या आईबापांचा ताब्याविषयीं न्यायालयांत वाद चालू होता आणि हे गृहस्थ त्यांतल्या एका बाजूचे होते. मुलाकडून काय वदवावयाचें होतें किंवा मुलास कोठें न्यावयाचें होतें, तें देव जाणे.

दुसरी हकीकत माझ्या एका स्नेह्यानें सांगितलेली, शहरांतल्या एका नामांकित शाळेची. तेथें आलेली कार्यकर्ती खरी होती. वय चोवीस-पंचवीस, पायांत साध्या चपला, ओळखपत्र उन्हापावसानें फिकें पडलेलें. मुख्याध्यापकांनीं तें हातांत घेऊन पाहिलेंसुद्धां नाहीं. ‘आईवडिलांची लेखी परवानगी घेऊन या,’ म्हणून तिची बोळवण केली. एवढेंच करून ते थांबते तर एक वेळ निभावलें असतें. पण मुलीचे चुलते त्यांच्या ओळखीचे, तेव्हां त्यांनीं सद्भावनेनें चुलत्यांना फोन करून सावध केलें. दुसऱ्या दिवशीं मुलगी शाळेंत आली नाहीं. तिसऱ्या दिवशीं शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज आला. समितीच्या माणसांना ती मुलगी लांबच्या एका खेड्यांत सांपडेपर्यंत अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांविषयीं माझ्या स्नेह्यानें जें सांगितलें तें येथें लिहिणार नाहीं. मुख्याध्यापक दुष्ट नव्हते. समोरची बाई खरी कीं खोटी हें ठरविण्याची रीत त्यांना ठाऊक नव्हती, आणि रीत ठाऊक नसली कीं मनुष्य आपल्या ओळखीच्या माणसाकडे वळतो.

ह्या दोन हकीकतींच्या मध्यें शाळेची वाट आहे. परदेशांतल्या लोकांनीं ती कशी काढली हें पाहण्यासारखें आहे.

इंग्लंडांत १९८७ सालीं क्लीव्हलंड परगण्यांत कांहीं महिन्यांच्या आंत १२१ मुलांवर अत्याचार झाल्याचें निदान डॉक्टरांनीं केलें व त्यांतलीं कित्येक मुलें आईबापांपासून काढून नेण्यांत आलीं. पुढें पुष्कळ मुलें परत गेलीं, सरकारी चौकशी झाली, १९८८ त अहवाल निघाला. लोकांच्या मनांत बालसंरक्षणाच्या माणसांविषयीं धास्ती बसली. १९९० सालीं ह्या धास्तीला निराळेंच फळ आलें. खोटे समाजसेवक घरोघर येऊन ‘मूल तपासावयाचें आहे’ म्हणतात, अशा तक्रारी गांवोगांवाहून येऊं लागल्या. दक्षिण यॉर्कशायरच्या पोलिसांनीं खास तपास उघडला. शेंकडों तक्रारी पाहिल्या. आणि खऱ्या मानण्याजोग्या अगदीं थोड्या निघाल्या. ह्यावरून ते सर्व लोक खुळे होते असें मी म्हणत नाहीं. खऱ्या अधिकाऱ्यास ओळखण्याची सर्वांस ठाऊक अशी खूण नसली, म्हणजे प्रत्येक अपरिचित बाई चेटकीण दिसूं लागते, एवढाच त्याचा अर्थ. त्या देशानें पुढें खूण ठरविली. नोंदणी नसलेल्यानें स्वतःस ‘सोशल वर्कर’ म्हणवून घेऊन लोकांस फसविणें हा इंग्लंडांत २००५ पासून गुन्हा आहे. नोंदवही २०१९ च्या डिसेंबरापासून एका स्वतंत्र संस्थेकडे आहे, आणि ती कोणासही नांव घालून पाहतां येते. शाळांनाही आज्ञा आहे कीं, कामानिमित्त आलेल्या पाहुण्याचें ओळखपत्र पाहावें, व त्याची पार्श्वभूमि त्याच्या कचेरीनें तपासली असल्याची खात्री करून घ्यावी.

अमेरिकेंत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. ओरेगॉन राज्याचा नियम मला विशेष विचारी वाटला. चौकशी करणारानें आपली ओळख दाखवावयाची व शाळेच्या प्रमुखास आधीं कळवावयाचें. मात्र तो प्रमुखच चौकशीचा विषय असेल तर कळवावयाचें नाहीं! मुलास कांहीं व्यंग असल्यास तें शाळेनें भेटीपूर्वीं सांगावयाचें. शाळेचें माणूस भेटीच्या वेळीं हजर असावें कीं नाहीं हें चौकशी करणारानें ठरवावयाचें. आणि हजर राहिलेल्या माणसानें तेथें ऐकलेलें बाहेर बोलावयाचें नाहीं, मुलाच्या शाळेच्या दप्तरांतही त्याची नोंद करावयाची नाहीं. कॅलिफोर्नियानें एक पाऊल पुढें टाकलें : एकट्यानें बोलावयाचें कीं शाळेंतलें कोणी मोठें माणूस जवळ बसवून बोलावयाचें, आणि बसवावयाचें तर कोणतें, हें मुलानेंच सांगावयाचें. नववींतल्या मुलास हेडमास्तरांपेक्षां ग्रंथपाल जवळचे वाटत असतील तर ग्रंथपालांनीं बसावें. मात्र त्यांनीं मध्यें एक शब्द बोलावयाचा नाहीं. आपल्या २०१२ च्या कायद्यांतही मुलाचा जबाब आईबापांच्या किंवा मुलाचा ज्यावर विश्वास आहे अशा दुसऱ्या व्यक्तीच्या समक्ष नोंदवावा असें आहे. तें ‘दुसऱ्या व्यक्ती’चें कलम आपल्या शाळांनीं वाचावें तितकें वाचलेलें नाहीं.

एवढें करूनही सर्व प्रश्न मिटले असें नाहीं. ह्याच ओरेगॉनमध्यें २००३ सालीं नऊ वर्षांच्या एका मुलीस शाळेंतल्या एका खोलींत बालसंरक्षणाच्या कार्यकर्त्यानें व शस्त्रधारी पोलिसानें सुमारें दोन तास प्रश्न विचारले. ओळख दोघांचीही खरी होती. तरीही मुलीच्या आईनें दावा लावला. अपील न्यायालयानें २००९ त सांगितलें कीं, न्यायालयाचा हुकूम किंवा आईबापांची संमति नसतां मुलीस असें अडकवून ठेवणें घटनेविरुद्ध झालें. सर्वोच्च न्यायालयानें २०११ त, मुलगी मोठी होऊन दुसऱ्या राज्यांत राहावयास गेल्यामुळें वाद उरला नाहीं असें सांगून, तो भाग रद्द केला. मूळ प्रश्न तसाच राहिला. ओळख पटली म्हणजे सर्व अधिकार पटले असें नव्हे, आणि पोलिसाच्या कमरेची बंदूक मुलास दिसत असते, हें त्या खटल्यावरून मीं घेतलें.

आतां आपल्या शाळेंत काय करावें तें सांगतों. हें माझें मत आहे, शासनाचें परिपत्रक नव्हे.

येणारास प्रथम कचेरींत बसवावें. मूल तोंवर वर्गांत असूं द्यावें. ओळखपत्र हातांत मागावें, दुरून पाहूं नये. त्यावरचें नांव, हुद्दा, कचेरी आणि मुदत वहींत उतरून घ्यावी. पुष्कळांचें ओळखपत्र मुदत संपलेलें असतें, कारण नोकऱ्या कंत्राटी आणि नवें पत्र वेळेवर मिळत नाहीं. तेवढ्यावरून त्यास लबाड ठरवूं नये, पण फोन मात्र चुकवूं नये. फोन करावा तो शाळेच्या स्वतःच्या यादींतल्या क्रमांकावर. येणारानें दिलेल्या क्रमांकावर त्याचाच भाऊ बसलेला असूं शकतो. समोरून विचारावें, ‘आज आमच्या शाळेंत ह्या नांवाचें माणूस पाठविलें आहे काय ?’ पाठविलें असल्यास दोन मिनिटांत कळतें. खऱ्या अधिकाऱ्यास ह्याचा राग येत नाहीं. ज्यास येतो त्याच्या रागाची आपण काळजी करूं नये. सीतेनें खुणा विचारल्या म्हणून हनुमान रागावला नव्हता.

ओळख पटली कीं शाळेचें कुतूहल तेथेंच संपलें पाहिजे. ‘काय झालें आहे ?’ ‘वडील दारू पितात काय ?’ असें खोदून विचारणारे मुख्याध्यापक मीं पाहिले आहेत. त्यांचा हेतु वाईट नसतो, पण चार वाजेपर्यंत ती गोष्ट शिक्षकांच्या खोलींत आणि सहा वाजेपर्यंत गल्लींत पोहोंचते. मुलाचें नांव प्रसिद्ध होऊं नये म्हणून २०१५ च्या कायद्यांत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गल्लींतल्या कुजबुजीस दंड नाहीं, पण मुलास ती वर्तमानपत्राहून अधिक जाचते. घरीं कोणी व केव्हां कळवावयाचें हें येणाऱ्या अधिकाऱ्यास विचारून घ्यावें आणि तोंवर शाळेनें आपण होऊन फोन उचलूं नये.

मुलास बोलावण्याची रीत नाजूक आहे. शिपायानें वर्गाच्या दारांत उभें राहून ‘अमक्याला भेटावयास सरकारी माणसें आलीं आहेत’ अशी आरोळी दिली, तर पुढचें वर्ष त्या मुलास वर्गांत टोपण नांव पडलें म्हणून समजावें. आमच्या एका जुन्या शिक्षिकाबाई स्वतः वर्गांत जात आणि ‘चल, नकाशे उचलावयास दोन हात हवेत’ म्हणून त्या मुलाबरोबर आणखी एकास घेत. दुसऱ्यास खरोखरच नकाशे उचलावयास लावीत. भेटीसाठीं मुख्याध्यापकांची खोली कामाची नाहीं. मुलाच्या लेखीं ती शिक्षेची जागा. वाचनालय बरें, किंवा चित्रकलेचा वर्ग. दार लोटलेलें असावें, कडी लावलेली नसावी, आणि कांचेंतून आंतलें दिसावें, ऐकूं येऊं नये. मुलास कोणी तरी सांगावें कीं, ‘तुला जवळ कोण बसावयास हवें ?’ आणि ‘नको वाटलें तर नको म्हण.’

भेटणें निराळें आणि नेणें निराळें. मुलास शाळेबाहेर नेावयाचें झालें तर नुसतें ओळखपत्र पुरे मानूं नये. लेखी आदेश पाहावा, त्याची प्रत ठेवावी, नेणाऱ्याची सही घ्यावी, आणि वेळ लिहावी. वेळ अशासाठीं कीं, संरक्षणाच्या गरजेनें ताब्यांत घेतलेलें मूल चोवीस तासांच्या आंत, प्रवासाचा काळ वगळून, समितीपुढें हजर करावयाचें असतें. आपल्या वहींतली ती वेळ पुढें कोणाच्या उपयोगी पडेल हें सांगतां येत नाहीं.

आतांपर्यंत शाळा ही मुलाची राखणदार आहे असें धरून लिहिलें. तसें नेहमींच असतें असें नाहीं. २०२४ च्या ऑगस्टांत बदलापूर येथें एका शाळेंतल्या अगदीं लहान मुलींवर शाळेच्याच सेवकानें अत्याचार केल्याची फिर्याद झाली. पोलिसांकडून फिर्याद घेण्यास विलंब झाल्याचा बोभाटा झाला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, मुंबईच्या उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली, आणि शाळेच्या चालकांवर वर्दी न दिल्याचाही गुन्हा नोंदला गेला. असा गुन्हा कळूनही न कळविणाऱ्यास २०१२ च्या कायद्यांत सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. म्हणून ओरेगॉनच्या नियमांतला तो लहानसा अपवाद मला मोलाचा वाटतो. अशा प्रसंगीं मुख्याध्यापकांच्या कचेरींत बसून चहा घेत चौकशी करूं नये, आणि ‘आधीं मला विचारा’ हा मुख्याध्यापकांचा मान तेथें चालूं नये.

घरच्या मंडळींनींही थोडें करण्यासारखें आहे. ओळखपत्र मागण्याचा हक्क जसा शाळेचा तसा घराचाही. दाराशीं ‘मुलांची पाहणी’ म्हणून कोणी आलें तर हीच फोनची रीत वापरावी, मग तें माणूस कितीही घाईंत असो. मुलांना सांगावें कीं, ‘मला आईनें पाठविलें आहे’ असें म्हणणाऱ्याबरोबर शाळेंतून निघावयाचें नाहीं, बाईंना विचारावयाचें. आणि १०९८ हा क्रमांक त्यांना पाठ करून द्यावा. तो १९९६ सालीं मुंबईंत टाटा संस्थेच्या आश्रयानें सुरू झाला. २०२३ पासून त्याचा कारभार शासनाकडे आहे. पैसे पडत नाहींत, आणि ‘दहा-नऊ-आठ’ असा उलट्या मोजणीनें तो लहान मुलाच्याही ध्यानांत राहतो. ‘आमच्या मुलांना कशाला हवा ?’ असें आजीबाई म्हणतील. त्यांना सांगावें कीं, वर्गांतल्या दुसऱ्या कोणास लागेल.

पुढच्या पालकसभेंत गणिताच्या गुणांविषयीं बोलून झालें म्हणजे मुख्याध्यापकांस एक प्रश्न अवश्य विचारावा : जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा क्रमांक आपल्या शाळेंत कोठें लिहिलेला आहे, आणि आपण रजेवर असलां तर तो फोन कोण करतो ? मीं तीन शाळांत विचारून पाहिलें. एका ठिकाणीं तो कारकुनांच्या मेजावर कांचेखालीं होता. दुसरीकडे कपाटांत होता, आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर पुण्यास गेली होती. तिसऱ्या ठिकाणीं मला उलट विचारण्यांत आलें, ‘आपण कोण ? आपलें ओळखपत्र ?’ मला फार बरें वाटलें.